अर्ध्या गोळीची नोंद

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बार्शीतल्या एका औषध दुकानातल्या यंत्राने निवृत्त एसटी चालक भगवान कोरके यांच्यासाठी सर्वांत लहान औषधविमा योजना निवडली. तिच्यात त्यांची हृदयाची गोळी नव्हती. बारा वाजता निवड कायम होणार होती. मग वर्षभर बदल नाही.

यंत्राने कारणही दिलं : गोळी घेतल्याचं कळवणारी तिच्यातली चिप दिवसाआडच पोटात पोहोचते, त्यामुळे गरज कमी.

फार्मासिस्ट सुलभा नाईकवाडी यांनी नोंदी पाहिल्या. तीन महिने एक दिवस गोळी, एक दिवस नाही. विसरणारा माणूस इतका नियमित नसतो.

"मामा, गोळी अर्धी करून खाता ना?"

"मग? डिझेल वाचवल्याची सात बक्षिसं घेतलीत मी. उधळपट्टी जमत नाही."

"चिप एकाच अर्ध्यात असते. दुसरा अर्धा यंत्राला दिसतच नाही. आजपासून पूर्ण घ्यायची."

सुलभाताईंनी स्वतःच्या सहीने हरकत नोंदवली. कोरके रांगेकडे वळले.

"आमच्या गल्लीतली पोरगी आहे ही," ते म्हणाले. "यंत्राला पकडलं तिनं."

बाराला चार मिनिटं असताना पडद्यावर उत्तर आलं : हरकत दाखल, निर्णय बाकी.