ओ आली नाही तर

दुकानदाराने काचेवर दुनळी बंदूक ठेवली आणि शेजारी काडतुसांचा डबा. "घरासाठी मोठ्या छऱ्यांचीच न्या, रंगराव. दाराआडचा माणूसही आडवा होईल."

शेजारच्या मळ्यावर दरोडा पडल्यापासून अनसूयाबाई रात्रभर जाग्याच असत. आता मात्र त्यांनी नवऱ्याची बाही ओढली.

"अहो, अंधारात माणूस ओळखणार कसा?"

"हाक मारीन की. ओ आली नाही, तर झाडीन."

"आणि भाऊजी असले तर?"

जन्मापासून बहिरे असलेले धाकटे दीर शेजारीच उभे होते. रात्री उठून गोठ्यात गुरं बघून यायची त्यांची जुनी सवय.

रंगराव घुटमळले. मग दुकानदाराला म्हणाले, "मोठ्या छऱ्यांचीच द्या. याच्या खोलीला आजपासून बाहेरून कडी घालू."

काय ठरलं, असं दिरांनी हसत हसत वहिनीला खुणेने विचारलं. उत्तर द्यायला अनसूयाबाईंचे हात उचलेनात.