सिस्टरांचा रिकामा हात

रोज सकाळी झोपेचं औषध थांबवायचं आणि पेशंटला हात दाबायला सांगायचं, हा अतिदक्षता विभागाचा शिरस्ता. चौथ्या खाटेवरच्या मास्तरांनी सहा दिवस बोटही हलवलं नव्हतं.

“आजही नाही हलले, तर मुलीला काय ते सांगून टाकू,” डॉक्टर म्हणाले.

सिस्टर हट्टालाच पेटल्या. उजव्या हातात मास्तरांचा हात घेऊन म्हणाल्या, “दाबा.”

तो गार पडून राहिला. दाबला गेला तो सिस्टरांचा डावा, रिकामा हात.

“दोनदा दाबा.”

डावा दोनदा दाबला गेला.

दुसरी कुणी असती तर ओरडत सुटली असती. सिस्टरांनी डावा हात ओढत आणला आणि मास्तरांच्या छातीवर टेकवला. “मास्तर असून बाहेर उंडारताय? चला, आत व्हा.”

मास्तरांनी डोळे उघडले. सिस्टरांचा उजवा हात घट्ट दाबला.

डाव्यावरची पकड मात्र सुटली नव्हती.