हुंकाराचा मान

नेकनूरच्या ओढ्याच्या पायऱ्यांवर रोज दुपारी गोष्टी रंगत. पुरात वाहून गेलेल्या बजरंगाची गोष्ट किराणावाला बसप्पा सगळ्यात झकास सांगे. बुडताना बजरंग कसा ओरडला, याची नक्कल तर लाजवाब. प्रत्येक वाक्याला "हं" म्हणून हुंकार द्यायचा मान अर्थातच बजरंगाच्या बायकोचा, सत्यभामेचा. गोष्ट तिच्या घरची.

आज मात्र सत्यभामेनं तोंड उघडलं नाही.

तरी "हं" आलं. पाण्यातून.

लोकांचं हसू थांबलं. बसप्पाही थांबला.

"कावून थांबलात, मालक?" सत्यभामा म्हणाली. "ते ऐकायलेत की."

बसप्पानं पुढचं वाक्य कसंबसं उच्चारलं. या खेपेस हुंकार खालच्या कोरड्या पायरीवरून आला.

सत्यभामा जराशी सरकली आणि बसप्पाच्या नि आपल्या मधे तिनं जागा केली.