पान्हा

"साहेब, मोबाईल खिशात. आन् तुमीबी भाईरच." कैलास गोठ्याच्या दारात आडवा उभा राहिला. गाय पहाटे व्याली होती.

"एकच फोटो," म्हणत शैलेश टाचा उंचावून आत डोकावत होता. तो आणि त्याची बायको ऋतिका पुण्याच्या सूसहून येऊन रात्रीपुरते माले गावात रत्नाबाईंच्या खोलीत उतरले होते. आता रत्नाबाईंच्या लेकाच्या, कैलासच्याच गाडीतून हर्णैला डॉल्फिन बघायला निघायचं होतं.

"परकं माणूस दिसलं की बुजती. पान्हा चोरती. मग वासरानं काय प्यायचं?"

शैलेश शहाण्यासारखा मागे सरला. "बरं. मग डॉल्फिन तरी जवळून दाखवा, दादा. पिल्लासकट. तुमच्या व्हिडिओतल्यासारखे."

तो व्हिडिओ माले गावात न पाहिलेलं कुणी उरलं नव्हतं. मधे मादी, तिच्या कुशीला पिल्लू, भोवती चार होड्या, शिट्ट्या. आणि सगळ्यात पुढच्या होडीत कैलास, वरातीत नाचावं तसे हात वर करून. त्या व्हिडिओवरच तर त्याच्या गाडीला गिऱ्हाईक लागलं होतं.

"ऋतिका, ते मासं पिल्लाला दूध पाजत्यात का गं?" चहाचे कप उचलत रत्नाबाईंनी विचारलं.

"पाजतात ना, मावशी. मासे नसतातच ते."

"आसं व्हय."

रत्नाबाईंनी लेकाकडे पाहिलंसुद्धा नाही. तो चौकटीवरचा हात खाली घेऊन उगाच गाडीची किल्ली पुसत होता. मग त्यानं होडीवाल्याला फोन लावला. "जनार्दनभाऊ, उद्या होडी लांबच थांबवायची. इंजिन बंद. मागं न्हाई लागायचं."

"आणि दिसलेच नाहीत तर?" शैलेशचा चेहरा पडला.

"तर समुद्र बघायचा, साहेब. त्यो पळून जात न्हाई."

शैलेशनं हसावं की बुकिंग रद्द करावं हे ठरायच्या आत ऋतिकानं बॅग गाडीत टाकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नाबाईंचा फोन वाजला.

"आई! धुकं लई हाय, दिसत कायबी न्हाई!" कैलास पार हरखला होता. "पर श्वास ऐकू येतोय! आदी मोठा, मागनं बारका. होडीच्या पार जवळ!"

"आजून हायेत तितं?"

"हायेत की!"

"मग वरडतोस कशाला, मेल्या? ठेव फोन."