बरणीतली रेघ

"दाबू नका!" फळीवर ठेवलेल्या फोनमधून कहल ओरडला.

डिंपना मुल्वीबाईंचं बोट घर तापवणाऱ्या बॉयलरच्या लाल बटणापाशी थबकलं.

"किती वेळा दाबलंत?"

"दोनदा."

"बाई..."

"बरं, पाचदा. सकाळपासून."

"चौथीत आम्ही खोटं बोललो की तुम्ही कोपऱ्यात उभं करायचात."

"कोपऱ्यातच उभी आहे रे," बाई म्हणाल्या. परसातल्या त्या खोपटात बॉयलर सोडला तर कोपऱ्याइतकीच जागा होती.

कहल आता तीन तालुक्यांचे बॉयलर दुरुस्त करत फिरत असे. सोमवारच्या आत त्याला येणं जमणार नव्हतं, आणि आज शुक्रवार होता. तीन वाजता भाची ओर्ला डब्लिनहून गाडी घेऊन येणार होती. पुन्हा घर गार सापडलं, तर हिवाळाभर तिच्याकडे राहायचं, असा बाईंनी तिला शब्द दिला होता. बाईंनी आजवर शब्द मोडला नव्हता. म्हणून तर घड्याळाकडे बघवत नव्हतं.

"टाकीत तेल आहे ना?"

"आहे तर! झाडूचा दांडा घालून पाहिला. वीतभर ओला निघाला."

"दांड्याला काय कळतंय, तेल कुठलं नि पाणी कुठलं? आपला सगळा लेट्रिम जिल्हा टाकीत दांडे बुडवतो आणि मग मला शिव्या घालतो. तळाशी पाणी साचतं, बाई. जॅमची रिकामी बरणी आहे घरात?"

बरणी आली. बाईंनी टाकीची तोटी बंद केली, पाना लावून तेलाच्या नळीवरच्या गाळणीची वाटी सोडवली. बोटं गारठून काड्यांसारखी झाली होती. वाटी एकदा निसटता निसटता राहिली. तिच्यातलं सगळं त्यांनी बरणीत ओतलं.

"आता बरणी खाली ठेवा आणि थांबा."

"किती वेळ?"

"वर्गात तुम्हीच सांगायचात, बरणीला घाई नसते."

बाई वाकून पाहत राहिल्या. गढूळ हळूहळू खाली बसलं आणि मधे एक रेघ उमटली. वर बोटभर स्वच्छ रॉकेल. खाली सगळं गंजकट पाणी.

"तेल वर, पाणी खाली," त्या पुटपुटल्या.

"चौथीत तुम्ही अशीच बरणी वर्गाच्या खिडकीत ठेवली होतीत. माझं कोपर लागलं, सगळं तुमच्या हजेरीपटावर सांडलं. वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण तुम्ही दुसरी बरणी भरलीत आणि माझ्याच हातात दिलीत."

"मला नाही आठवत."

"मला आठवतं ना."

ती पहिली बरणी झाकण लावून बाईंनी बाजूला ठेवली आणि दुसरी आणली. तोटी जराशी उघडायची, बरणी भरायची, थांबायचं, रेघ पाहायची, बादलीत ओतायचं. दर खेपेला रेघ थोडी खाली सरकत होती. फोनवर कहल मधेच कुणावर तरी खेकसला, "थांब जरा, बाईंचा तास चाललाय!" सातव्या खेपेला रेघ उमटलीच नाही. बरणीभर नुसतं तेल.

वाटी परत बसली, तोटी पुरती उघडली. पंपावरचा पितळी स्क्रू अर्धा फिरवला, तसा तो हवा थुंकला, फेसाळला, आणि मग सलग धार लागली. बाईंनी स्क्रू आवळला.

"आता बटण. एकदाच. आणि हात मागे."

बाईंनी दाबलं. पंखा घुमला. काही क्षण नुसताच घुमत राहिला. मग आत काहीतरी धप्प झालं आणि काचेच्या इवल्या भोकात पिवळी ज्योत दिसली.

"लागला?"

"लागला रे!"

"शाब्बास!" कहल म्हणाला, आणि लगेच ओशाळला. "म्हणजे... बरं झालं, बाई."

"शाब्बासच म्हण," बाई म्हणाल्या.

तीन वाजता ओर्ला आली, ती रिकामी बॅग हातात घेऊनच. दारातच तिने हात लांबवून रेडिएटर चाचपला. तो गरम लागला, तसा हात तिथेच राहिला. मग तिची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीकडे गेली. चहाच्या किटलीशेजारी, उन्हाच्या तिरिपीत, एक बरणी होती. मधोमध रेघ असलेली.

"मावशी, हे काय आहे?"

"आधी तो कोट काढ," बाईंनी खुर्ची ओढली. "आणि ये अशी खिडकीशी."