मोनिकाचा डेक

कार्डांचा हा खेळ मोनिकाला तेजश्रीनंच शिकवला. दोघी न्हावऱ्याच्या, रांजणगावात एकाच कंपनीत कामाला. बसमध्ये मांडीवर सॅक ठेवून तिच्यावर डाव मांडायच्या. ढीगभर कार्डांतून आपल्या चालीला साजेशी कार्डं निवडून डेक बांधायचा, त्यातच खरी हुशारी. बाद झालेली कार्डं पुन्हा खेळात आणायची, ही तेजश्रीची चाल. ती तिनं फक्त मोनिकाला दाखवली होती.

शिरूरच्या स्पर्धेत प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं होतं आणि जो पहिला येईल तो पुण्याला जाणार होता; बरोबरी झाली तर शेवटचा सामना जिंकणारा पुढे. तेजश्री एकामागून एक सामने जिंकत गेली. शेवटचा मोनिकाशी होता. मोनिकानं पहिलंच कार्ड टाकलं आणि तेजश्रीची बाद कार्डं कायमची खेळाबाहेर गेली. पुढची कार्डंही तसलीच. तेजश्री हरली, पुणं हुकलं. तरी उठून तिनं मोनिकाचा हात हातात घेतला.

"जा तू पुण्याला. तू गेलीस काय अन् मी गेले काय, सारखंच हाय."

"मी कुठली जाते? बाकी समद्यांनी मला हरवलंय."

तेजश्री गोंधळली. "हरवणारच की. बाद कार्डं माझ्याशिवाय कुणी वापरतच न्हाई. मग असला डेक बांधलास तरी कशाला?"

कार्डं डबीत भरता भरता, वर न बघता मोनिका म्हणाली,



"तुझ्यासाठीच बांधला."