नंदन, जयू आणि नंतर

कालच्या लढाईत तिघेही मार खाऊन परतले होते. शार्दूल केतकीच्या सुजलेल्या खांद्यावर बर्फ धरून होता, हृषी चहा गाळत होता.

शाळेत असताना या वीरांच्या चमूत पाच जण होते. एक गेला की त्याची शक्ती उरलेल्यांत वाटली जायची, आणि कमी हातांत ती अधिक तिखट व्हायची. आधी नंदन गेला, मग जयू. दर वेळी पुढची लढाई सोपी गेली.

"खाडीतला राक्षस तिघांना आवरत नाही," हृषी म्हणाला. "दोघांना आवरेल."

"जयूचा अपघातच होता ना रे?" केतकीने विचारलं.

शार्दूलने बर्फ हलकेच दुसऱ्या बाजूला सरकवला.

"तुझ्या लेकीची दहावी कधी संपतेय गं?" त्याने मायेने विचारलं.

"मार्चमध्ये."

"मग तोवर थोपवून धरू त्याला."